शून्यसुद्धा लिही

कोल्टर्स फोर्कचं पाणी गंजलेलं.
नऊ नंबरच्या बंद खाणीच्या तोंडातून
चाळीस वर्षं तसंच येतंय, नारिंगी,
दगडांवर साय धरत.

डॉ. हॅस्क्यू गुडघाभर पाण्यात.
टाचेनं तळ ढवळते, घड्याळ लावून एक मिनिट.
खाली जाळी धरून मी,
याच खाणीत बावीस वर्षं काढलेला
ऑर्व्हिल स्टॅम्पर,
आता तासाच्या मजुरीवर.

पांढऱ्या ट्रेमध्ये गाळ ओतला.
काही हललं नाही.
मी वही मिटायला लागलो.
"शून्य लिही," ती म्हणाली.
"नव्हतं, आणि कुणी पाहिलंच नाही,
यात फरक असतो, ऑर्व्हिल."

लिहिलं. शून्य. शून्य. शून्य.
आमच्या छातीच्या तपासणीच्या कागदावर
शून्यही नव्हतं.
तिथं रकानाच नव्हता.

खाली, चुनखडीचा बांध घातलाय तिथं,
तिनं चिमट्यानं एक काडी उचलली.
काडी नव्हती. अळी होती,
तोंडातल्या रेशमानं वाळू चिकटवत
अंगाभोवती नळी बांधणारी.
वाळूत दोन कण कोळशाचे, चकचकीत,
निवडून लावल्यासारखे.

भिंगावर ती किती वेळ वाकलेली.
मग म्हणाली, "एक."
पक्कं?
"एकच. उगाच दोन लिहू नकोस."

परतताना ट्रकचा हीटर बंद,
मोजे ओले, रेडिओवर नुसती खरखर.
तिच्या मांडीवर डब्यातलं पाणी डुचमळत होतं
आणि मी, ज्यानं या रस्त्यावर
तीन गाड्या खड्ड्यात घातल्या,
दुसऱ्या गिअरवर चाललो होतो.