नियम सतरा, पोटनियम क

आमच्या रंगाच्या कारखान्यात
दरमहा पगारातून दीडशे रुपये कापून
आरोग्य बचत खात्यात टाकतात.
पैसे ज्याचे त्याचे.
काढायला मात्र माझी सही लागते.

सोमवारी इंदुमती खानविलकर हिचं बिल आलं,
छटा-जुळणी विभाग.
राजमहाल रोडवरचं दुकान,
डोक्यावर रेघ नसलेली गुजराती अक्षरं,
कोपऱ्यात सेव-उसळीच्या तर्रीचा डाग.

भिंगं : मान्य.
फ्रेम : मर्यादेत आहे, मान्य.
मग खाली, बारीक अक्षरात,
भिंग पुसायचा फवारा, पंचाऐंशी
मऊ फडकं, वीस
नाकावरच्या गाद्यांची जोडी, तीस
गळ्यातली दोरी, पंधरा.

'शोभेच्या व सोयीच्या वस्तू वगळून,'
असं नियम सतरा, पोटनियम क म्हणतो.
मी लाल पेनचं टोपण काढलं.
बेरीज केली : दीडशे.
बरोबर एका महिन्याची कपात.

दुपारी ती स्वतःच जिना चढून आली,
चष्मा काढून माझ्या टेबलावर ठेवला.
'दोरी शोभेची धरा, साहेब. ती सोडली.
पण हे जरा घालून बघा.'

घातला.
माझी फाइल निळसर झाली, भिंतीवरचं कॅलेंडर निळसर,
पंख्याखाली डुलकी घेणारा भाईलाल शिपाई
पार मोरपंखी.

'सकाळी आठला पुसलेला आहे,' ती म्हणाली.
'भुकटी बसत राहते. पदरानं पुसलं तर ओरखडे.
आणि मला दिवसभर सांगायचं असतं
ही निळी आणि ती निळी वेगळी म्हणून.
परवा चुकले. चारशे किलो माल परत आला.
तो कुठल्या खात्यातून कापतात?'

मला पोटनियम ठाऊक होता. उत्तर नव्हतं.

फवाऱ्यापुढे मी लिहिलं : 'नेत्र-द्रव'.
फडक्यापुढे : 'वैद्यकीय वस्त्र'.
गाद्यांपुढे बराच वेळ पेन धरून बसलो,
शेवटी 'नासिका-आधार' असं लिहिलं
आणि एकटाच हसलो.
दोरी कापली.
काहीतरी कापल्याशिवाय
माझ्या सहीवर वरचे विश्वास ठेवत नाहीत.

मार्चमध्ये ऑडिटचा कागद आला.
'नेत्र-द्रव हे औषध कसे? खुलासा करावा.'
तीन मसुदे लिहिले, तिन्ही फाडले.
शेवटी पगारातून एकशे पस्तीस वजा झाले.
घरी सांगितलं, सोसायटीचा हप्ता वाढलाय.

इंदुमतीला कुणी सांगितलं कोण जाणे.
परवा टेबलावर डोळ्यांच्या थेंबांची जुनी बाटली होती,
तळाशी दोन बोटं फवारा
आणि अर्धं कापलेलं फडकं, कडेला हातशिलाई.

आज ऑडिटचा तोच कागद पुन्हा काढला.
आधी चष्मा पुसला,
सावकाश, गोल गोल, ती पुसते तसा.
खालची अक्षरं स्वच्छ दिसली, पोटनियमासकट.
फक्त ऑडिटरच्या सहीची शाई
निळी की जांभळट, ते कळेना.

खाली जाऊन
इंदुमतीला विचारून यायला हवं.