कॅप्रिसखालचा पुठ्ठा

थेंब तांबडा होता.
"गिअरबॉक्सचं," नझीर चौगले म्हणाला, बोट हुंगून.
शुवैखला दुपारचे दोन, जॅकलाही चटका.

शाफ्ट काढण्याआधी त्याने खडूची रेघ मारली:
होता तस्साच बसायला हवा,
नाहीतर शंभरच्या पुढे गाडी थरथरते.

जुनं सील निघालं. रबर कसलं,
करपलेला पापड.
नव्याच्या ओठाला ग्रीस, पाइपाचा तुकडा,
हातोडीचे टोले हलके, चहूबाजूंनी सारखे,
बाळाची टाळू भरावी तसे.

"किती चालेल?"
"बुशही झिजलाय. वर्षभर, फार तर."
माझा अकामाही तेवढाच.

चहा पिऊन आलो
तर पुठ्ठ्यावर पुन्हा थेंब.
नझीर गुडघ्यावर बसला, बोट लावलं,
बघत राहिला जरा वेळ.
"पाणी आहे. एसीचं."