वाजवी झीज

साडेनऊला स्टोकच्या त्या गल्लीत मी,
हातात टॅब्लेट, बुटांवर निळं प्लास्टिक.
घर रिकामं. म्हणजे माणूस गेलं, वास राहिला:
वर ब्लीचचा, खाली टोस्टचा.

काम सोपं आहे.
आधीचा फोटो, आताचा फोटो,
आणि मधे जे घडलं त्याला एक शब्द.
ठीक. डाग. भेग. बदलावं लागेल.
भाडेकरूच्या बाजूने बोलणारी नोंद एकच,
वाजवी झीज.

मॉरीन टॅटन, एकोणीस वर्षं.
पहिल्या फोटोत गालिचा हिरवा आहे.
आता दारापासून स्वयंपाकघरापर्यंत
शेळ्यांनी पाडावी तशी पायवाट,
आणि सिंकपुढच्या लिनोलियमला
दोन पावलांएवढं टक्कल.
वाजवी.
पलंगाच्या पायांचे चार खळगे. वाजवी.
खिडकीशेजारी भिंतीवर एक तेलकट गोल,
खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तिथे.
इथे मी थांबले.

मागच्या खोलीत कपाट सरकवलं
तर भिंतभर काळे ठिपके,
फोडणीतली मोहरी उडावी तसे.
एजन्सीतला कॅलम म्हणतो, ओल लिहू नकोस,
वाफ लिही.
ओल घराची असते, वाफ माणसाची.
ओल लिहिली तर ग्लिनला खर्च.
वाफ लिहिली तर मॉरीन
या खोलीत जरा जास्तच श्वास घेत होती.

ग्लिन वाईट नाही, हेही नोंदवायला हवं,
पण त्याला रकाना नाही.
प्लंबर. गुडघे गेलेले.
पेन्शन म्हणून घेतलेलं हे एकुलतं एक घर.
भाडं वाढवलं ते चारदा,
त्यातही एकदा सांगायचं विसरला.
मग बँकेचा हप्ता दुपटीला टेकला
आणि त्याने स्वतः येऊन, टोपी काढून, नोटीस दिली.
मॉरीनने चहा केला.
दोघं म्हणे तासभर बॉयलरबद्दल बोलले.

त्यानंतर तिने उंबरे झिजवले.
कौन्सिलचा. तीन हाउसिंग असोसिएशनचे.
एजंटांचे तर मोजलेच नाहीत,
एकेका खोलीमागे चाळीस अर्ज,
आणि सत्तरीच्या बाईला प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न:
जामीन कोण?
मुलगी आहे. तीही भाड्यानेच राहते.
या झिजेचे फोटो काढायला
कुणी मला पाठवलेलं नाही.

आमच्याकडे झिजण्याचं कौतुक.
चंदन झिजतं, सहाण झिजते,
अमकी घरासाठी झिजली म्हणून
तेराव्याला डोळे पुसतात.
त्यातली वाजवी किती,
असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

बाराला ती किल्ल्या द्यायला आली.
सध्या क्रूला, बहिणीच्या सोफ्यावर.
तीन किल्ल्या. त्यातली एक मागच्या दाराची,
ते कुलूप कधीच बदललंय.
"तेव्हा तीन लिहिल्या होत्या," म्हणाली, "म्हणून तीन."
सही केली.
मग जाता जाता नळ घट्ट फिरवला.
तो बंदच होता.

गाडीत बसून अहवाल पुरा केला.
भिंतीवरचा गोल: वाजवी.
मागची खोली: वाफ.
खोडलं. ओल.
आणि कॅलमचा फोन यायच्या आत पाठवून दिलं.

फोन वाजला, पण तो कॅलम नव्हता.
आमच्या घराचा एजंट:
पुढच्या महिन्यापासून भाडं बाजारभावाने,
आणि गुरुवारी पाहणीला कुणीतरी येईल,
घरी असाल ना?

असेन म्हणाले.
मग बराच वेळ गाडी चालू केली नाही.
आमचं कपाट
दोन वर्षांत मी एकदाही सरकवलेलं नाही.