देखरेखीखाली

दर गुरुवारी सव्वाअकराची चोपडा–जळगाव,
खिडकीची सीट मिळाली तर मांडीवर वही.
अडावद, धानोरा, मग विदगावचा पूल,
खाली तापी, उन्हाळ्यात अंग चोरून पडलेली.
वहीत तास मांडलेत,
पेन्शनरानं गोळ्या मोजाव्यात तसे.
उरलेत दोनशे बारा.

खोली नंबर नऊ. दारावर माझं नाव,
नावाखाली बारीक अक्षरात
डॉ. कारखानीस यांच्या देखरेखी
आणि जागा पुरली नाही म्हणून
रंगाऱ्यानं पुढच्या ओळीत ढकललेलं
खाली.

पहिल्याच भेटीत सांगावं लागतं:
तुम्ही बोलाल ते मी माझ्या वरच्या बाईंना सांगेन,
तुमचं नाव न घेता,
माझं कुठं चुकतंय ते कळावं म्हणून.
इमलबाई पदर तोंडाला लावून हसल्या,
'म्हंजे तुलेबी सासू शे, माय!'
मी ते नोंदीत लिहिलं.
मॅडमनी वाचलं, चष्मा काढला,
बराच वेळ पुसत बसल्या.

त्या साताऱ्याकडच्या, अहिराणी येत नाही.
मी लिहून नेलं होतं: छातीत धडधड, चिंता.
'असं म्हणाल्या त्या?'
नाही. म्हणाल्या, मना जीव टांगेल शे.
'कशाला?'
विचारलंच नव्हतं मी.
लाल पेन वापरत नाहीत. पेन्सिलीनं, समासात:
पुढच्या वेळी विचार, कशाला टांगलाय.

एकदा लिहिलं, धीर दिला, सगळं ठीक होईल म्हटलं.
पेन्सिल त्या वाक्याखाली थांबली.
'हे कुणासाठी बोललीस?'
वर पंखा, जळगावचे पंचेचाळीस अंश
इकडून तिकडं फिरवत.
परतीच्या बसमध्ये धानोऱ्यापर्यंत चिडलेली होते.
इतकी वर्षं शिकून
माझं एक वाक्य माझ्या सहीनं उभं राहत नाही!

बाबा भुसावळच्या शेडमधले. इंजिनात दोघं असत.
सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं म्हणायचं, पिवळा.
दुसऱ्यानं स्वतः बघून, मगच म्हणायचं, पिवळा.
दोघांना दिसतोच की, मग म्हणायचं कशाला?
लहानपणी विचारलं होतं.
बाबा म्हणाले, रात्री तीनला माणसाला
हवा तो रंग दिसतो.

मार्चमध्ये पॉलिटेक्निकचा एक पोरगा
बुटाची नाडी सोडत, बांधत, परत सोडत
एक वाक्य बोलला. ते इथं लिहीत नाही.
अशा वेळी लगेच कळवायचं, नियम पाठ होता.
सिस्टरला त्याच्याजवळ बसवून व्हरांड्यात फोन लावला.
पलीकडे कुकरची शिट्टी.
'पाणी पी. आत जा. सरळ शब्दांत विचार, आडून नको.
आणि फोन बंद करू नकोस, खिशात राहू दे.'
पोरगा आहे. परवा केळीच्या ट्रकमागं
मोटारसायकलवर दिसला, हेल्मेटशिवाय.
हेही मॅडमना सांगितलं.

काल तास संपल्यावर विचारलं,
तुमच्या वह्या कोण बघतं?
महिन्यातून एकदा नाशिकला जायच्या त्या,
सत्तरीच्या एक बाई होत्या.
'दिवाळीत गेल्या.
कागदावर मला आता कुणी लागत नाही.'
माझ्या पानावर सही करता करता म्हणाल्या,
'एक मुलगी येते माझ्याकडे.
तिच्यापुढं मी फार बोलते हल्ली.'
आणि थांबल्या. यासाठी वहीत रकाना नाही.
बसला वीस मिनिटं होती.
मी एवढंच म्हटलं, 'फार बोलता.'
त्यांनी मान वर केली, नीट बघितलं,
मग म्हणाल्या,
'हो. फार बोलते.'