कोरडं फडकं

जालन्यात काळी गाडी घेऊ नये
हे पोरासोरांनाही ठाऊक.
तरी डॉक्टरीणबाईंनी घेतली अकरा वर्षांपूर्वी,
आणि तेव्हापासून मुंजाजी तिला पुसत आला,
रोज सकाळी, खांद्यावरच्या कोरड्या फडक्यानं,
भट्ट्यांनी रातोरात उडवलेली लोखंडाची पूड
आधी बोटानं चाचपायची, मग गोल गोल.

आता गाडी विकायची आहे.
घेणारा म्हणे, बॉनेटवर जाळं धरलंय,
तेवढं काढून द्या.
म्हणून भोकरदन नाक्यावर माझ्या पत्र्याखाली
तो उभा आहे, का कुणास ठाऊक, चप्पल काढून.

मी मोबाइलचा टॉर्च धरतो.
उजेडाभोवती हजार केस उमटतात.
टॉर्च सरकवला की जाळंही सरकतं,
जिथं बघाल तिथं मधोमध.
"हे कशानं झालं?"
"पुसण्यानं."
"म्या तर रोज पुसायलो."
"म्हणूनच तर."
तो माझ्याकडं बघतो,
मी चिकटपट्टीचं टोक शोधत बसतो.

आधी पाणी. टँकरचं, बोअरचं नाही,
बोअरचं वाळलं की पांढरे डाग सोडतं.
दोन बादल्या, एक साबणाची, एक मळाची.
मग मातीची वडी फिरवायची, ओली,
ती लोखंड उचलते, करकर करत,
आणि करकर थांबली की समजायचं, झालं.

मशीन माझं साधं,
दोन मुठींचं, घरघरणारं, चौदाशे रुपयांत घेतलेलं.
मोठ्या दुकानातलं मशीन रंग कापतं,
हे बिचारं फार तर रंगाची समजूत काढतं.
हरभऱ्याएवढे चार ठिपके मसाला,
बंद मशीननंच पसरून घ्यायचा,
नाहीतर शर्टावर, पत्र्यावर, डोळ्यांत.
हातभर चौकोन धरायचा.
आडवं, मग उभं,
वखराची पाळी घालावी तसं, निम्म्यावर निम्मं.
आणि दाबायचं नाही.
दाबावंसं वाटतं,
तेव्हाच तर दाबायचं नाही.

"वरखडे भरून येतेत का?" मुंजाजी विचारतो.
नाही.
काहीच भरून येत नाही, मामा.
आजूबाजूचं खाली आणायचं असतं
वरखड्याच्या पातळीला,
केसाच्या जाडीहून कमी.
तेवढंच वर उरलेलं असतं,
आणि ते काही जन्मभर पुरत नाही.

दुपारी लाइट गेली. आम्ही चहा घेतला.
त्यानं एका दमात अंबड, परतूर, मंठा,
रात्रीची बाळंतपणं, बंद पडलेला वायपर,
सगळं सांगितलं आणि पुढं म्हणाला,
"बाईला आता दिसत नाही नीट. गाडी ठिवून काय करायची?"
मग लाइट आली.

शेवटचा चौकोन त्यानं केला.
मी म्हटलं, हात हलका.
मुठी त्याला सवयीच्या नव्हत्या,
मशीन एकीकडं ओढायचं, तो दुसरीकडं,
तरी अर्ध्यावर त्याचा हात गोल जाऊ लागला
आणि त्यानं स्वतःच तो सरळ केला.

उन्हात काढली गाडी. सावलीत सगळंच चकाकतं.
सूर्य एकच दिसला, भोवती जाळं नाही.
दाराच्या मुठीखाली मात्र एक रेघ राहिली, खोल,
अंधारात किल्ली शोधणाऱ्या हाताची.
नख अडकतं तिथं मशीन हरतं.
"ही निघायची नाही," मी म्हटलं, "शंभर कमी द्या."
"पुरे द्यायलो. ही मला ठाऊक हाय."

पैसे मोजेस्तोवर बॉनेटवर पूड बसायला लागली.
त्याचा हात खांद्याकडं गेला,
फडकं निम्मं खाली आलं,
आणि थांबला.
घडी करून त्यानं ते खिशात घातलं,
वाकला,
आणि गाल फुगवून
हळूच फुंकर मारली.