अर्धं सूत

कंग्राळकर वकिलांची एमजी यायची म्हटलं की
उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये आधी झाडू फिरायचा.
शेजारच्या फौंड्रीची काळी वाळू
दाराच्या फटीतून रोज आत येते,
आणि चाकाखाली एक कण जरी राहिला
तर पास्कू मिस्त्री म्हणायचे, माप खोटं.

गाडी हिरवी, दोन माणसांची, बसकी,
चाकांना तारांचे आरे.
"डावीकडं ओढूलालीय," वकील म्हणाले,
घरातल्या कुणाची तक्रार सांगावी तसं, हळू.

शेडची जमीन सपाट नव्हती.
पुढच्या डाव्या कोपऱ्यात ती जराशी खचलेली.
तिथं मिस्त्री तीन जुन्या नंबरप्लेटी ठेवत,
चाक वळायला मोकळं राहावं म्हणून मध्ये ग्रीस फासून:
खाली मुंबई राज्याची,
तिच्यावर म्हैसूरची,
सगळ्यात वर कर्नाटकची.
उजव्याला डब्याचा दुमडलेला पातळ पत्रा पुरे.
एवढं झालं की पाणसळीतला बुडबुडा मधोमध यायचा.
यावर मिस्त्री कधी काही बोलले नाहीत.

दोरी मात्र माझी.
वडगावात आमच्या घरी माग होता.
तो विकला तेव्हा वडिलांनी
रेशमाची एक लडी ठेवून घेतली,
कशाला ते त्यांनाही माहीत नसावं.
चार कोपऱ्यांना चार स्टँड,
गाडीच्या दोन्ही अंगांनी दोरी,
हबच्या उंचीला,
बोटानं छेडली तर वाजेल इतकी ताठ.
वडील ताणा असाच बघायचे,
एक डोळा मिटून, श्वास धरून.

सीटवर वकिलांच्या वजनाची वाळू ठेवायची.
"सदुसष्ट किलो," ते म्हणाले.
मिस्त्रींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं
आणि बसवण्णीला सांगितलं, ऐंशी भर.

मग रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी किती,
मागच्या कडेपासून किती.
दोन्ही चाकं मिळून अर्धं सूत हवं, पुढून आत.
धावताना चाकं फाकतात,
म्हणून उभी असतानाच थोडी आवरून ठेवायची,
पंगतीत गुडघे आवरून बसतात तशी.
आमचं निघालं पावणेदोन सूत.
बाहेर.

लॉकनट किती वर्षं हलला नव्हता कोण जाणे.
रॉकेल, हातोडी, शिवी, पुन्हा रॉकेल.
सुटला तेव्हा मिस्त्री गाडीखालून म्हणाले,
"इल्लें."
बसवण्णी म्हणाला, "स्वल्प."
मी म्हणालो, "वाईच."
पाना तेवढाच फिरला.
गाडी दहा फूट मागं ढकलायची, पुन्हा पुढं,
स्प्रिंगा बसाव्यात म्हणून,
पुन्हा मोजायचं, पुन्हा वाईच.
सातव्या खेपेला बसवण्णी म्हणाला, "साकु."
तोवर चहाची किटली दोनदा आली नि गेली होती.

संध्याकाळी खानापूर रोडला
मी डावीकडच्या सीटवर, पोत्याच्या जागी मिस्त्री.
पिरनवाडी सुटली आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.
गाडी सरळ गेली,
एका झाडापर्यंत, दुसऱ्या झाडापर्यंत,
मग गवताकडं झुकायला लागली.
"अजून ओढते," मी म्हणालो.
"गाडी नव्हे रे. रस्ता."
पाणी वाहून जावं म्हणून
रस्ता कडेला उतरता करतात, म्हणाले,
आणि त्याला आपल्याकडं पाना नाही.
एका बोटानं त्यांनी स्टिअरिंग धरलं.
तेवढं पुरलं.

वकील शेडच्या दारात उभेच होते.
"सरळ जाते?"
"धरल्यावर जाते," मिस्त्री म्हणाले,
आणि हात धुवायला गेले.

मी लडी चार बोटांवर गुंडाळून घरी आणली.
वडिलांनी ती नाकाशी नेली.
"रॉकेल," एवढंच म्हणाले.
मग अंगठ्याला वेढा देऊन
दोन्ही हातांनी ओढून बघितली,
कान जवळ नेऊन,
आणि माझ्याच खिशात परत घातली.