सात नंबरची माती

स्मरणिकेसाठी तो पोरगेला प्राध्यापक घरी आला.
मोबाईल पालथा ठेवला, म्हणाला,
गांगुर्डे काका, अगदी सुरुवातीपासून सांगा.

सुरुवात म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या,
दिंडोरी रस्त्याला, कालव्याच्या अलीकडे.
अकरा विद्यार्थी. त्यातले चार मोहाडी-जानोरीचे,
दुपारी भाकरीला सायकलवर घरी जाणारे.
बैलजोडी कुठल्याच हेडखाली बसेना,
म्हणून रजिस्टरात चढली खुर्च्यांच्या पानावर:
नग दोन, रंग पांढरा, स्थिती चांगली.

पहिले प्राचार्य अष्टपुत्रे. घरी सोवळं कडक,
पण ढेकूळ हातात आलं की जिभेला लावून बघायचे.
मला, नववी नापासाला, त्यांनी शिकवलं:
व्हीसारखा खड्डा घे, वीतभर खोल,
कडेची माती खरवड, घमेल्यात कालव,
गोणपाटावर पसर, बोटानं चार भाग कर,
समोरासमोरचे दोन ठेव, दोन टाकून दे.
परत पसर. परत चार. परत दोन टाक.
अर्धा किलो उरेपर्यंत.

मी विचारलं, टाकलेल्यात काही वेगळं असलं तर?
चष्मा पुसत म्हणाले,
तेच असतं, निवृत्ती. तेवढं मानून चालायचं.

तेव्हापासून दर अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी
प्लॉट नंबर सात.
सावलीत वाळवून, चाळून, बरणीत.
वर साल. अक्षर माझं.

शैलजा पगार आली ती पहिली मुलगी.
वसतिगृह नव्हतं; बियाण्याच्या कोठीत खाट टाकली,
रात्रभर उंदीर आणि हरभऱ्याचा वास.
पौषात, निफाडकडून येणारा गारठा हाडात शिरायचा,
तेव्हा ती कंदील घेऊन गव्हात बसायची,
पानापानावर तांबेऱ्याचे ठिपके मोजत.
पुढं विद्यापीठासाठी पोरांनी गेट बंद केलं
तेव्हा विभागप्रमुख पगार मॅडम
गेटाबाहेर पायरीवर बसून तेच मोजत होत्या.

मंजुरीचा फॅक्स आला रात्री, गुंडाळी होऊन,
सकाळपर्यंत अर्धी अक्षरं उडालेली.
कमानीसाठी स्टीलची अक्षरं ट्रकमधून उतरली,
एक वेलांटी वाटेत हरवली.
आठवडाभर आम्ही 'कृष विद्यापीठ' होतो.
फोटो कुणी काढला नाही. मी बघून घेतलं.

आणि मग आराखडा आला. निळा कागद.
कुलगुरूंचं दालन, तळमजला, पोर्च:
बरोब्बर सात नंबरवर.
जेसीबी नऊला येणार होता.
मी पहाटे पाचला गेलो, टॉर्च दातात धरून,
तिथी नसताना खड्डा घेतला.
चार भाग केले.
त्या दिवशी दोन टाकायला हात होईना.
सगळीच आणली. शेवटची बरणी म्हणून
मोठी आहे, लोणच्याची.

प्राध्यापकानं हे सगळं ऐकलं, चहा घेतला.
स्मरणिकेत आलं ते असं:
'मृदाशास्त्र विभागाचे निष्ठावान कर्मचारी श्री. गांगुर्डे.'
फोटोत मी उजवीकडून तिसरा, अर्धा.
राग नाही. नमुना घ्यायची रीतच ती.

परवा मेहेरजान आतार नावाची पीएचडीची पोर
बरण्या मागत आली. सेंद्रिय कर्ब किती घटला, बघायचंय म्हणे.
चव्वेचाळीस बरण्या तिनं पुसल्या ओढणीनं,
सगळ्यात जुनीतली चमचाभर माती
काचेच्या बशीत भिजवली, आणि सुट्टीला गेली.

सोमवारी फोन. आवाज रडवेला.
काका, नमुना बिघडला हो, काहीतरी उगवलंय.

मी रिक्षानं गेलो. लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर.
बशीत लालसर देठ, दोन गुबगुबीत पानं.
घोळ.
अष्टपुत्रेंच्या वेळची. चाळणीतून निसटलेली.

काय लिहू, ती विचारते, वहीत?
मी म्हटलं, साल लिही.
आणि खाली लिही, भाजी करतात याची,
डाळ घालून.